सोबतीने दारू सुटते

दारू सोडण्याची शपथ एकदाही घेतली नाही, असा पिणारा माणूस आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणे कठीण. कोणी शेगावला जाऊन गजानन महाराजांच्या समाधीसमोर शपथ घेतो. कोणी सैलानी बाबांच्या दर्ग्यात नवस बोलतो. कोणी आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "आजपासून थेंबही नाही."

त्या घडीला तो खोटे बोलत नसतो बरे का! त्याला खरेच सोडायची असते. चार दिवस जातात. आठ दिवस जातात. घरात हसणे-बोलणे सुरू होते. मग बाजाराचा दिवस येतो. जुना सोबती भेटतो. तो म्हणतो, "चाल, घोटभर घे. एवढ्यानं काय होते बा?" घोटाची बाटली होते. रात्री तो झुलत घरी येतो. बायको कपाळाला हात लावते. म्हातारी आई म्हणते, "याच्यात दमच नाही."

शपथ खरी होती. मग ती मोडली का? या पाठात आपण हेच पाहणार आहोत. आणि मोडलेली शपथ पुन्हा कशी उभी करावी, त्यासाठी सोबत कोठे शोधावी, तेही पाहणार आहोत.

दारूचे व्यसन हा आजार आहे

पुष्कळांना वाटते की, दारू पिणे ही नुसती वाईट खोड आहे. चार शिव्या दिल्या, दोन रट्टे दिले, की सुटेल. पण तसे होत नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या शरीराला आणि मेंदूला दारूची सवय जडते. मग दारू नसली की हात कापतात. झोप येत नाही. जीव घाबरा होतो. तो मजेसाठी पीत नाही, तर धड उभे राहता यावे म्हणून पितो. जागतिक आरोग्य संघटनेने दारूच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातले आहे.

हा आजार साखरेच्या आजारासारखा आहे. साखरेचा आजार झालेल्याने जन्मभर पथ्य पाळायचे असते. पथ्य पाळले तर तो चांगला जगतो, शेत करतो, नातवंडे खेळवतो. दारूच्या आजाराचेही तसेच आहे. पथ्य एकच, पहिला घोट घ्यायचा नाही. दहावा घोट वाईट नाही, पहिला वाईट. कारण पहिला घोटच बाकीच्यांना बोलावून आणतो.

आपण या आजारात सापडलो आहोत की नाही, हे कसे ओळखावे? स्वतःला चार प्रश्न विचारावे.

१. एकच ग्लास घेईन असे ठरवून मी जास्त पितो का?
२. सकाळी उठल्यावर दारूची आठवण होते का? हात कापतात का?
३. सोडीन, सोडीन म्हणून मी पुष्कळदा सोडली आणि पुन्हा धरली, असे झाले आहे का?
४. दारूपायी घर, शेत, मजुरी किंवा तब्येत बिघडली, तरी मी पितोच का?

यांतल्या दोन प्रश्नांचे उत्तर "होय" आले, तरी जागे व्हावे. डॉक्टरांना दाखवावे. कोणी म्हणेल, "मी माह्या पैशाची पेतो. कोनाच्या बापाची पेतो काय?" ठीक आहे. तर मग त्या पैशाचाच हिशेब करू. समजा, रोजचे १०० रुपये दारूत जातात. महिन्याचे ३,००० झाले. वर्षाचे ३६,५०० झाले. पाच वर्षांचे १,८२,५०० झाले. यात बुडालेली मजुरी धरलेली नाही. दवाखाना धरलेला नाही. सावकाराचे व्याज धरलेले नाही. पैसे तुमचेच होते, हे खरे. पण लेकीच्या शाळेचे पैसेही त्यातच होते.

पहिले पाऊल दवाखान्याकडे

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ही जिवाची गोष्ट आहे.

जो माणूस रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत पितो, त्याने दारू एकाएकी घरीच बंद करू नये. दारू बंद झाल्यावर काही तासांतच अंग थरथरू लागते. घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींची शुद्ध हरपते. भिंतीवर किडे दिसतात. नसलेली माणसे दिसतात. कोणीतरी मारायला येत आहे असे वाटते. गावात लोक म्हणतात, "बाहेरचं लागलं." ते बाहेरचे नव्हे. ती दारू तुटल्याची खूण आहे. अशा वेळी अंगारा लावत बसू नये. माणूस दगावतो. तडक १०८ नंबरला फोन करावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

आधीच डॉक्टरांना दाखवले, तर हे टाळता येते. डॉक्टर औषधे देतात. त्याने झटके येत नाहीत, झोप लागते. ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते कमी पडते. चार-आठ दिवसांत शरीरातून दारू उतरते. हे काम दवाखान्याचे आहे. बुलढाण्याला जिल्हा रुग्णालय आहे. खामगावला सामान्य रुग्णालय आहे. तालुक्याला सरकारी दवाखाने आहेत. गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथील डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "साहेब, मी रोज इतकी पितो. मला सोडायची आहे." लाज धरू नये. ताप आला तर आपण लाजतो का?

पण दवाखान्याने अर्धेच काम होते. शरीरातली दारू उतरली, तरी मनातली उतरत नाही. माणूस परत त्याच गावी येतो. तीच वाट, तेच दुकान, तेच सोबती. पोळ्याची कर येते. लग्नाची वरात येते. सोयाबीन विकून हातात रोख पैसा येतो. तेथे औषधाची गोळी कामाला येत नाही. तेथे माणूस लागतो. कोणता माणूस? जो स्वतः या खड्ड्यात पडून वर आला आहे, असा.

दोन पिणाऱ्यांची गोष्ट

ही गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ती आपल्या गावातही घडू शकते.

साल १९३५. बिल विल्सन नावाचा एक माणूस होता. न्यूयॉर्क शहरात शेअर बाजारात तो काम करी. दारूने त्याचा धंदा बुडाला होता. कितीदा दवाखाने झाले, तरी सुटेना. शेवटी कशीबशी सुटली. पाच-एक महिने झाले होते. मे महिन्यात तो कामासाठी ॲक्रन नावाच्या परगावी गेला. काम फसले. खिशात पैसे थोडे. ओळखीचे कोणी नाही. तो हॉटेलात एकटा उभा होता. एका बाजूला दारूच्या बैठकीतून हसण्याचे आवाज येत होते. पाय तिकडे ओढू लागले.

त्याच्या मनात आले, "आज मला कोणीतरी भेटलेच पाहिजे. माझ्यासारखाच पिणारा कोणी. त्याच्याशी बोललो तर मी वाचेन." तेथे गावातील चर्चची यादी लावलेली होती. त्याने एकामागून एक फोन केले. विचारले, "तुमच्या गावात दारू सुटत नाही असा कोणी माणूस आहे काय? मला त्याला भेटायचे आहे." अशी चौकशी करता करता एका बाईंचा पत्ता लागला. त्या बाईंनी एका डॉक्टरची गाठ घालून दिली. त्याचे नाव डॉ. बॉब स्मिथ. हा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. पण स्वतःच दारूत बुडालेला.

डॉक्टर म्हणाला, "पाव तासापेक्षा जास्त बसणार नाही." उपदेशाला तो कंटाळला होता. पण बिलने उपदेश केलाच नाही. त्याने आपलीच कहाणी सांगितली. मी कसा प्यालो, कसा खोटे बोललो, कसा पडलो. डॉक्टरला वाटले, हा तर माझीच गोष्ट सांगतो आहे! पाव तासाचे कित्येक तास झाले. डॉक्टरने पुढे एकदा घेतली. पण १० जून १९३५ नंतर त्याने दारूला तोंड लावले नाही. तोच दिवस त्यांच्या मंडळाचा जन्मदिवस धरतात. दोघे मिळून मग दवाखान्यात पडलेल्या तिसऱ्याकडे गेले. पुढे आणखी माणसे येत गेली. त्यातूनच अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे मंडळ झाले. लोक त्याला थोडक्यात ए. ए. म्हणतात. त्या नावाचा अर्थ, नाव न सांगणाऱ्या मद्यपींचे मंडळ. आज ते जगातल्या बहुतेक देशांत आहे.

या गोष्टीतला मुद्दा पाहा. बिल डॉक्टरला वाचवायला गेला, आणि त्यामुळे स्वतः वाचला. दुसऱ्याला हात देणाऱ्याचा पाय आपोआप घट्ट रोवला जातो.

आपल्या महाराष्ट्रात

ए. ए. मंडळ आपल्या देशात १९५७ च्या सुमारास आले. पहिल्या गटांत मुंबईचा गट होता. पुढे ते नागपूर, पुणे आणि इतर गावी पसरले. आता त्याच्या बैठका मराठीतही भरतात.

पुण्याला येरवडा भागात मुक्तांगण नावाचे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ते १९८६ साली सुरू झाले. लेखक अनिल अवचट यांनी त्या वेळी गर्दच्या व्यसनावर लिहिले होते. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई देशपांडे यांचे मन हलले. त्यांनी पैशाची मदत केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी केंद्र उभे केले. तेथे दारू पिणाऱ्यांवरही उपचार होतात. तेथील एक गोष्ट फार मोलाची आहे. तेथे काम करणाऱ्यांत पुष्कळ जण पूर्वी स्वतःच व्यसनी होते. बरे झालेला माणूस नव्या माणसाला सांभाळतो. घरी गेल्यावर संबंध तुटू नये म्हणून पाठपुराव्याच्या बैठकाही होतात. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे.

सोबतीचे बळ आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत आणि दारूवर कोरडे ओढीत. बाबा १९५६ साली गेले, पण ते कीर्तन म्हातारी माणसे विसरली नाहीत. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली. आपल्याकडे कोणी तुळशीची माळ घातली, की दारू सोडतो. पुष्कळांची अशी सुटलीही आहे. नुसत्या माळेने ती सुटते काय? माळ घालणारा भजनाला बसतो, दिंडीत चालतो. संध्याकाळी तो टाळकऱ्यांत असतो, दुकानाच्या ओट्यावर नसतो. माळेबरोबर सोबत येते. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीचे मर्म हेच.

बैठकीत काय चालते?

नाव ऐकून पुष्कळ जण बिचकतात. त्यांना वाटते, तेथे पोलीस असतील. कोणी रागावेल. नाव लिहून घेतील. गावभर बोभाटा होईल. यांतले काहीच होत नाही.

एखाद्या शाळेची खोली असते, नाही तर दवाखान्याची, देवळाची, चर्चची. दहा-पंधरा माणसे गोल बसतात. चहा असतो. तास-दीड तास बैठक चालते. एक जण उठतो, नुसते पाळण्यातले नाव सांगतो, म्हणतो, "मी दारूचा रोगी आहे. आज मी प्यालो नाही." मग तो आपली कहाणी सांगतो. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही. कोणी शहाणपण शिकवत नाही. ज्याला बोलायचे नाही, त्याने नुसते ऐकले तरी चालते.

फी नसते. जमेल त्याने चहापाण्यापुरते दोन पैसे टाकावे. जात विचारत नाहीत. धर्म विचारत नाहीत. हमाल आणि हेडमास्तर शेजारी बसतात. आत येण्याची अट एकच. दारू सोडण्याची इच्छा पाहिजे. दारू पिणाऱ्या बायांनाही दार मोकळेच असते. आणि एक कडक नियम असतो. येथे जे ऐकले, ते येथेच ठेवायचे.

बैठकीत तीन गोष्टी मिळतात. पहिली, हिंमत. पाच वर्षे न प्यालेला माणूस डोळ्यांसमोर दिसतो. तोही एके काळी गटारात पडला होता. मग मनात येते, याची सुटली, तर माझीही सुटेल. दुसरी, युक्ती. बाजाराच्या दिवशी काय करावे? लग्नात कोणी ग्लास पुढे केला तर काय म्हणावे? हे पुस्तकात नसते. भोगलेल्यालाच ठाऊक असते. तिसरी, सोबती. जुना माणूस नव्याला सांगतो, "भाऊ, तलफ आली की घोट घेण्याआधी मला फोन कर. रात्री बारा वाजता कर, पण कर."

आणखी एक गोष्ट तेथे शिकवतात. जन्मभराची शपथ घेऊ नका. फक्त आजच्या दिवसाची घ्या. आज पिणार नाही, एवढेच. उद्याचे उद्या. वखराचे एक तास धरावे, मग दुसरे धरावे. सगळ्या वावराकडे पाहून माणूस थकतो. एका तासाकडे पाहून थकत नाही.

बैठक कशी शोधावी?

बैठकांचे वार आणि जागा बदलत असतात. म्हणून आधी चौकशी करावी, मगच निघावे. चौकशीच्या वाटा अशा आहेत.

पहिली वाट फोनची. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मदतीचा नंबर आहे. फोनला पैसे पडत नाहीत. १४४१६ हा मनाच्या आजारांसाठी असलेला सरकारी नंबर आहे. त्याचे नाव टेली मानस. तोही फुकट आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते. विचारावे, "मी अमुक तालुक्यातून बोलतो. माझ्या जवळ दारू सोडणाऱ्यांची बैठक किंवा केंद्र कोठे आहे?" पत्ता, वार, वेळ कागदावर लिहून घ्यावी. आता आपल्याला लिहिता येते. त्याचा हा केवढा उपयोग!

दुसरी वाट दवाखान्याची. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांची चौकशी करावी. औषध घेताना त्यांनाच विचारावे की, बरे झालेली माणसे कोठे जमतात. गावातल्या आशाताईलाही सांगावे. ती आरोग्य केंद्रात विचारून येईल.

तिसरी वाट माणसाची. आपल्या पंचक्रोशीत दारू सोडलेला एखादा तरी असतोच. त्याला गाठावे. "काका, तुमची कशी सुटली?" एवढे विचारावे. तो रागावणार नाही. बहुतेक वेळा तो या प्रश्नाची वाटच पाहत असतो.

चौथी वाट जवळच्या शहराची. आपल्या तालुक्यात बैठक नसली, तर शेजारी चौकशी करावी. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे रेल्वेवर आहेत. एकीकडे अकोला, दुसरीकडे भुसावळ-जळगाव. देऊळगाव राजाच्या माणसाला जालना जवळ आहे. मेहकर-लोणारच्या माणसाने वाशीमकडेही विचारावे. दारूसाठी आपण किती कोस चाललो, ते आठवावे. मग आठवड्यातून एकदा एस. टी. ने जाणे जड वाटणार नाही. शिवाय हल्ली मोबाईलवरूनही बैठका भरतात. घरात बसून ऐकता येते, बोलता येते.

पहिल्यांदा जाताना पाय मागे ओढतात. म्हणून एकट्याने जाऊ नये. भाऊ किंवा मित्र बरोबर घ्यावा. काही बैठका सर्वांसाठी खुल्या असतात, काही फक्त पिणाऱ्यांसाठी असतात. तेवढे आधी विचारून घ्यावे. आणि एकदा जाऊन "काही फरक पडला नाही" म्हणू नये. एका पावसाने विहीर भरत नाही. निदान पाच-सहा बैठका बसून पाहाव्या.

बैठक नसेल तर?

तर ती सुरू करावी. बिल आणि डॉक्टर, दोघेच होते ना? दोन माणसे बसली की बैठक झाली.

समजा, चिखलीकडच्या एका खेड्यातला शेतकरी जिल्हा रुग्णालयातून बरा होऊन आला. त्याच दवाखान्यात त्याला शेजारच्या गावचा एक गवंडी भेटला होता. दोघांनी ठरवले की, दर गुरुवारी संध्याकाळी सातला शाळेच्या ओट्यावर बसायचे. वार ठरला, वेळ ठरली, जागा ठरली. पाऊस असो, कापणी असो, बैठक मोडायची नाही. पहिले चार गुरुवार दोघेच. पाचव्या गुरुवारी गवंड्याने एकाला आणले. तो प्यालेलाच आला. त्याला हाकलले नाही. म्हणाले, "बस बापू. चहा घे. आज ऐक. उद्या सकाळी न पेता ये, मंग बोलू." असे चालले तर वर्षभरात पाच माणसे होतात. पाच माणसे म्हणजे पाच चुली.

अशा बैठकीत चार पथ्ये पाळावी. एक, राजकारण आणू नये. दोन, वर्गणीचा ढीग करू नये. पैशाने भांडण येते. तीन, ऐकलेले बाहेर सांगू नये. चार, औषधाचे काम डॉक्टरांवर सोडावे. आपण वैद्य होऊ नये.

घरच्यांनी काय करावे?

दारू एक जण पितो, पण तिची झळ सगळ्या घराला लागते. म्हणून घरच्यांनाही सोबत लागते. बिलच्या पत्नीने, लोइस विल्सन यांनी, १९५१ साली नातेवाइकांसाठी अल-अनॉन हे वेगळे मंडळ सुरू केले. आपल्याकडेही त्याच्या बैठका होतात. नवरा आला नाही, तरी बायकोने जावे. तिची हिंमत वाढली, तर घर सावरते.

बहिणींनो, तुमच्या चुकीने तो पीत नाही. हे आधी मनातून काढा. प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना दोन शब्द शांतपणे बोला. त्याचे उधार तुम्ही फेडू नका. त्याच्यासाठी खोटे बोलू नका. "त्यांना ताप आहे," असा निरोप मालकाला धाडू नका. दारूचे दुखणे झाकले की ते वाढते. आणि तो मारहाण करीत असेल, तर ती आजाराच्या नावाखाली सोसू नका. माहेरी, शेजारी, बचत गटात सांगा. ११२ हा पोलिसांच्या मदतीचा नंबर आहे. आजाराला माफी आहे, मारहाणीला नाही.

फसू नका

"रोग्याला न सांगता दारू सोडवा," अशा जाहिराती आपण पाहतो. जेवणात, चहात गुपचूप पूड मिसळायला सांगतात. असे कधीही करू नका. डायसल्फिरम नावाचे एक औषध खरे आहे. ते अंगात असताना दारू घेतली, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून ते डॉक्टरच देतात, आणि रोग्याला सांगूनच देतात. गुपचूप पूड घालणारी बायको नवऱ्याला वाचवायला जाते, आणि जीव धोक्यात घालते.

केंद्रात भरती करतानाही डोळे उघडे ठेवा. सरकारी नोंदणी आहे काय, ते विचारा. डॉक्टर येतात काय, ते पाहा. मारणे, साखळीने बांधणे हा उपचार नव्हे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली झाला. त्याने रोग्याला साखळदंड घालण्यास बंदी केली आहे. दारूच्या व्यसनाने होणारे मनाचे आजारही त्या कायद्यात येतात.

घसरला तर?

वर्षभर सोडलेला माणूस एखाद्या दिवशी पुन्हा घेतो. असे पुष्कळांचे होते. गावात लोक हसतात. तो लाजतो, आणि लाजेने आणखी पितो. येथेच बैठकीची खरी गरज असते. बैठकीत त्याला हसत नाहीत. विचारतात, "कधी घेतली? कोणाबरोबर? त्याआधी मनात काय चालले होते?" यातून पुढच्या वेळचा बांध घालता येतो. बांध फुटला म्हणून कोणी वावर सोडत नाही. दुसऱ्या दिवशी फावडे घेऊन जातो. तसेच दुसऱ्या दिवशी बैठकीला जावे. ती वर्षभराची कमाई वाया जात नाही. एक वर्ष न पिता राहता येते, हे त्याला आता ठाऊक झालेले असते.

गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बाया एकजूट करतात, आडव्या बाटलीला मत देतात. ते काम चांगलेच आहे. पण दुकान बंद झाले म्हणून पिणाऱ्याची तलफ बंद होत नाही. तो शेजारच्या गावी जातो, हातभट्टीची घेतो. दुकान बंद करणाऱ्या गावाने पिणाऱ्यासाठी एक दार उघडेही ठेवले पाहिजे. ते दार म्हणजे ही बैठक.

हा पाठ तुम्ही वाचला. तुमच्या घरात कोणी पीत नसेलही. पण आळीत कोणीतरी आहे. त्याला हा पाठ वाचून दाखवा. तो शुद्धीवर असताना, सकाळच्या वेळी, शेजारी बसून. उपदेश करू नका. शेवटी एवढेच म्हणा, "चाल भाऊ, मी येतो तुझ्यासंगं."

विचार करा आणि सांगा

१. शपथ खरी असूनही ती का मोडते?
२. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी घरीच बंद का करू नये?
३. बिल विल्सन परगावात कोणाला शोधत होता? का?
४. बैठकीत येण्याची एकच अट कोणती?
५. १४४४६, १४४१६, १०८ आणि ११२ हे नंबर कशाचे आहेत? ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि घरात भिंतीला लावा.
६. तुमच्या गावात दर आठवड्याला बैठक भरवायची झाली, तर कोणती जागा, कोणता वार आणि कोणती वेळ बरी पडेल? चार जणांत बसून ठरवा.